मोटारीचें तेल : जाड कीं पातळ ?

बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणाऱ्या गाडीवानाला वंगणाची निवड करण्याचा प्रश्न कधींच पडला नाहीं. चाक कुरकुरूं लागलें कीं नळकांड्यांतलें काळें वंगण आंसाला फांसावयाचें, एवढेंच त्याचें शास्त्र. वंगण जितकें दाट, तितकें तें अधिक दिवस टिकावयाचें. म्हणून दाट तें चांगलें, हा त्याचा सिद्धांत होता, आणि त्याच्या चाकापुरता तो खराहि होता. शहरांतून गाडीवान गेला, बैलहि गेले, पण तो सिद्धांत मात्र मागें राहिला आणि आज मोटारीच्या बाबतींत तो घरोघर ऐकूं येतो.

नवी पेट्रोलची गाडी घ्यावी, पहिलीं कांहीं वर्षें विक्रेत्याच्या कार्यशाळेंत तिची देखभाल व्हावी, आणि हमीची मुदत संपली कीं गृहस्थानें ती शेजारच्या गॅरेजांत न्यावी, असा सामान्य क्रम आहे. तेथला अनुभवी मिस्त्री जुन्या तेलाचा थेंब बोटांत चोळून पाहतो आणि म्हणतो, “साहेब, हें तेल म्हणजे नुसतें पाणी आहे. आपल्याकडे उष्णता केवढी ! चांगलें जाड तेल घालूं.” मालकाला तें पटतें. पातळ तेल तापलें कीं अधिकच पातळ होणार आणि इंजिन झिजणार, हें कोणालाहि सहज दिसतें. शिवाय जाड तेल बहुधा स्वस्तहि असतें.

मिस्त्री खोटें बोलत नसतो. त्याची विद्या अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्या गाड्यांवर, किंवा त्या गाड्यांवर शिकलेल्या उस्तादाच्या हाताखालीं तयार झालेली असते. आणि त्या इंजिनांना जाड तेलच मानवत असे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्या तेलाची संवय मात्र निवृत्त झालेली नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबाचा घराखालोखाल मोठा खर्च मोटारीचाच असतो, आणि मोटारींत सर्वांत महाग वस्तु इंजिन. तेव्हां हा प्रश्न मिस्त्रीच्या बोटांवर सोपविण्याजोगा नाहीं. तेल इंजिनांत नेमकें काय करतें, हें एकदां ध्यानांत आलें कीं तो फारसा अवघडहि राहत नाहीं.

ह्याचा उलगडा झाला तो योगायोगानें. ब्यूचँप टॉवर नांवाचा इंग्रज इंजिनिअर १८८३ सालीं लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स ह्या संस्थेसाठीं आगगाडीच्या आंसावरील घर्षणाचे प्रयोग करीत होता. आंसाचा खालचा भाग तेलांत बुडालेला, त्याच्यावर धातूची अर्धवर्तुळाकार बैठक, आणि बैठकीवर मोठें वजन, अशी त्याची योजना होती. वरून तेल सोडतां यावें म्हणून बैठकीच्या मध्यभागीं एक भोंक पाडलेलें होतें. आंस फिरूं लागला, तों तेल आंत जाण्याऐवजीं त्या भोंकांतून उलट वर येऊं लागलें. टॉवरनें त्यांत बूच बसविलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली. तीहि बाहेर फेंकली गेली. अखेर त्यानें त्या जागीं दाब मोजण्याचें यंत्र लावलें. बैठकीवरील वजनाचा सरासरी दाब दर चौरस इंचास १०० पौंड होता. पण तेलाचा दाब २०० पौंडांच्याहि पलीकडे गेलेला त्याला आढळला.

एवढा दाब आला कोठून ? बाहेरून कोणीहि पंप मारलेला नव्हता. फिरणारा आंस स्वतःच आपल्या अंगाबरोबर तेल ओढून नेत होता, निमुळत्या होत जाणाऱ्या फटींत तें पाचरीसारखें दडपीत होता, आणि त्या दडपलेल्या तेलावर तो बैठकीचें सारें ओझें तोलून धरीत होता. धातूला धातु शिवतच नव्हता. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजांतील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्यांनीं १८८६ सालीं ह्या घटनेचें गणित मांडलें, आणि मोटारीच्या बेअरिंगांची आंखणी आजहि त्याच गणिताच्या पायावर होते.

ह्या गणितांतील एकच गोष्ट गृहस्थानें लक्षांत ठेवली तरी पुरे. तेलाचा पापुद्रा किती जाड होईल, हें आंसाचा वेग, त्यावरील ओझें, फटीची रुंदी आणि तेलाचा दाटपणा ह्या सर्वांवर मिळून ठरतें. फटीच्या मानानें तेल फारच पातळ झालें, तर पापुद्रा फाटतो आणि धातु धातूवर घासतो. उलट तें फारच दाट झालें, तर अरुंद फटींत तें वेळेवर पोंचत नाहीं, आणि पोंचलें तरी त्याच्या थरांच्या आपसांतील घर्षणानें शक्ति फुकट जाऊन उष्णता मात्र वाढते. म्हणजे दाटपणा हा तेलाचा गुणहि नव्हे आणि दोषहि नव्हे. तें एक माप आहे, पायाला जोडा यावा तसें. मोठा जोडा घेतल्यानें पाय अधिक सुरक्षित राहतो असें कोणी म्हणत नाहीं !

आधुनिक पेट्रोल इंजिनांतील फटी बारीक आणि एकसारख्या असतात. कारण यंत्रकामाची अचूकता पूर्वीपेक्षां किती तरी वाढली आहे. पण फरक तेवढ्यावर थांबत नाहीं. पूर्वीच्या इंजिनांत तेलाचें काम मुख्यतः घर्षण कमी करण्याचें, धग वाहून नेण्याचें आणि मळ धुण्याचें होतें. आतां त्याला हमालीहि करावी लागते. झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ वेगाप्रमाणें पुढें-मागें करणारी जी यंत्रणा बहुतेक नव्या गाड्यांत असते, ती तेलाच्याच दाबानें हालते. संगणकानें हुकूम सोडला कीं एक लहानशी झडप उघडते आणि बारीक वाटेनें तेल शिरून कॅमशाफ्टला किंचित् वळवितें. तेल अपेक्षेपेक्षां दाट असेल, तर हा हुकूम उशिरां बजावला जातो. मग कधीं इंजिन अडखळतें, तर कधीं समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो, आणि मालक तेलाखेरीज इतर सर्व गोष्टींना दोष देत बसतो. टर्बोचार्जर असलेल्या गाडींत तर मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेणारा आंस केवळ तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो.

आतां डब्यावरील आंकडे पाहूं. ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘०डब्ल्यू-२०’ अशी जी अक्षरें दिसतात, तीं अमेरिकेंतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स ह्या संस्थेनें ठरविलेल्या वर्गवारीचीं आहेत. ही वर्गवारी प्रथम १९११ सालीं निघाली आणि पुढें वेळोवेळीं सुधारली गेली. तींतील ‘डब्ल्यू’ हें वजनाचें अक्षर आहे असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तें ‘विंटर’ म्हणजे हिवाळा ह्या शब्दाचें आद्याक्षर होय. त्याच्या मागील आंकडा थंडींतील वागणूक सांगतो, पुढील आंकडा तापल्यानंतरची. हे आंकडे म्हणजे उष्णतेचे अंश नव्हत. ते वर्गांचे क्रमांक आहेत.

पुढील आंकड्यासाठीं तेल १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याचा दाटपणा सेंटिस्टोक नांवाच्या परिमाणांत मोजतात. साध्या पाण्याचा दाटपणा २० अंशांवर सुमारें एक सेंटिस्टोक असतो, हें तुलनेसाठीं ध्यानांत ठेवावें. ‘२०’ वर्गाचें तेल ६.९ ते ९.३ ह्या मर्यादेंत, ‘३०’ वर्गाचें ९.३ ते १२.५, ‘४०’ वर्गाचें १२.५ ते १६.३, आणि ‘५०’ वर्गाचें १६.३ ते २१.९ ह्या मर्यादेंत बसावें लागतें. शिवाय १५० अंशांवर, वेगानें फिरणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्यें चिरडलें जात असतां, तेलांत किमान किती दाटपणा शिल्लक उरला पाहिजे, ह्याचीहि परीक्षा असते. म्हणजे ‘२०’ वर्गाचें तेल तापल्यावर पाणी होऊन जातें, हा आक्षेप परीक्षकांनीं आधींच विचारांत घेतलेला आहे.

मागील आंकड्याची परीक्षा गोठविणाऱ्या थंडींत होते. ‘०डब्ल्यू’ तेल शून्याखालीं ३५ अंशांवर, ‘५डब्ल्यू’ शून्याखालीं ३० अंशांवर, ‘१०डब्ल्यू’ २५ वर, ‘१५डब्ल्यू’ २० वर आणि ‘२०डब्ल्यू’ १५ वर इंजिन फिरूं देण्याइतपत प्रवाही राहिलें पाहिजे. येथें शंका येते, कीं मुंबईंत किंवा पुण्यांत असली थंडी पडते कोठें ? मग ‘०डब्ल्यू’ चा उपयोग काय ? उपयोग असा, कीं इंजिनाच्या दृष्टीनें २५ अंशांची सकाळ ही सुद्धां थंडच असते. नमुन्यादाखल, ४० अंशांवर ‘२०डब्ल्यू-५०’ तेलाचा दाटपणा साधारण दीडशें सेंटिस्टोकांच्या आसपास किंवा वर भरतो, तर ‘०डब्ल्यू-२०’ चा चाळीस-पंचेचाळीस. दोन्हीं तेलें चालत्या इंजिनांत तापल्यावर आठ-नऊ ते अठरा-एकोणीस सेंटिस्टोकांपर्यंत उतरतात. म्हणजे इंजिन ज्या दाटपणासाठीं घडविलेलें असतें, त्याहून किती तरी पटींनीं दाट तेल त्याला रोज सकाळीं पहिलीं कांहीं मिनिटें सहन करावें लागतें. रात्रभर तेल खालच्या पात्रांत ओघळून गेलेलें असतें. किल्ली फिरविल्यापासून तें पुन्हां वर कॅमशाफ्टपर्यंत जाऊन पोंचेतों टॉवरचा तो तरंगता पापुद्रा पुरता तयार झालेला नसतो. इंजिनाची झीज ह्या काळांत अधिक होते, आणि पातळ तेल वर लवकर पोंचतें.

उरला उन्हाळ्याचा मुद्दा. नागपूरचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांवर जातो, हें खरें. पण इंजिनांतील पाणी थर्मोस्टॅटच्या योगानें ९० अंशांच्या आसपास राखलेलें असतें आणि तेल सामान्यतः ९० ते ११० अंशांवर काम करतें. बाहेर ३० अंश असोत कीं ४५, आंतील हवामान फारसें बदलत नाहीं. भरलेली गाडी घेऊन भर दुपारीं घाट चढतांना तेल अधिक तापतें, ह्यांत शंका नाहीं; परंतु भारतांत विकल्या जाणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेंत जो वर्ग छापलेला असतो, तो हें सर्व धरूनच ठरविलेला असतो.

येथें कांहीं चाणाक्ष मालक निराळी शंका काढतात. कंपन्या पातळ तेल सांगतात तें इंजिनाच्या हितासाठीं कीं पेट्रोलच्या बचतीचे सरकारी नियम पाळण्यासाठीं ? शंका रास्त आहे. भारतांत असे नियम २०१७ सालापासून लागू झाले आणि २०२२ सालीं ते अधिक कडक झाले. पातळ तेलानें जी थोडीशी बचत होते, ती कंपन्यांना हवी असते. एकाच इंजिनाला एका देशांत ‘०डब्ल्यू-२०’ हें एकच तेल सांगितलेलें असतें आणि दुसऱ्या देशांत ‘५डब्ल्यू-३०’ चीहि मुभा असते, असें अनेकदां आढळतें. म्हणून पुस्तिका पाहावी ती येथल्या गाडीची, इंटरनेटवर सांपडलेली परदेशची नव्हे. तींत दोन-तीन वर्ग दिले असतील, तर उष्ण प्रदेशांत वेगानें लांबचा प्रवास करणाऱ्यानें त्यांतला दाट वर्ग घेण्यास कांहींच हरकत नाहीं. एक पायरी दाट तेलानें इंजिन मोडत नाहीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. एकच वर्ग सांगितलेल्या इंजिनांत तीन-चार पायऱ्या दाट तेल ओतणें हा मात्र निव्वळ अविचार होय. आणि ज्या इंजिनाला ‘४०’ वर्ग सांगितला आहे, त्यांत नव्याची हौस म्हणून ‘२०’ वर्ग घालणें हें त्याहून वाईट. कारण तेथें पापुद्राच फाटण्याची भीति असते.

दाटपणा जुळला म्हणजे निवड संपली असें नाहीं. तेलांत शेंकड्यांनीं मोजण्याइतकीं औषधें मिसळलेलीं असतात : मळ धुणारीं, काजळी तरंगत ठेवणारीं, गंज रोखणारीं, झीज थांबविणारीं. ह्यांचा दर्जा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अक्षरांनीं दाखविला जातो. पेट्रोल इंजिनासाठीं पहिलें अक्षर ‘एस’, आणि दुसरें वर्णमालेंत जितकें पुढचें तितका दर्जा नवा. ‘एस.एन.’ २०१० सालीं आला, ‘एस.पी.’ २०२० च्या मे महिन्यांत, आणि ‘एस.क्यू.’ २०२५ च्या मार्चअखेरीस. नवा दर्जा जुन्याची जागा घेऊं शकतो, म्हणून ‘एस.एन.’ सांगितलेल्या गाडींत ‘एस.पी.’ चालतें; उलट नाहीं.

‘एस.पी.’ दर्जामागील हकीकत मोठी बोधक आहे. लहान इंजिनाला टर्बोचार्जर जोडून त्यांतून मोठ्या इंजिनाची शक्ति काढण्याची पद्धति रूढ झाली, तेव्हां एक विचित्र विकार दिसूं लागला. इंजिन कमी फेऱ्यांवर असतां जोराचें ओझें पडलें, कीं ठिणगी पडण्याआधींच सिलिंडरांतील मिश्रण पेट घेई. दणका इतका मोठा, कीं दट्ट्या तडकावा. शोधाअंतीं आढळलें कीं दट्ट्याच्या कडेनें निसटलेले तेलाचे थेंब ह्याला कारण होतात, आणि तेलांत मळ धुण्यासाठीं घातलेलें कॅल्शियमचें औषध ह्या उपद्रवास खतपाणी घालतें. मग कॅल्शियम कमी करून कांहीं अंशीं मॅग्नेशियम योजण्यांत आलें. टायमिंग चेनची झीज कमी व्हावी, हीहि अट त्याच दर्जांत घातलेली आहे. टर्बो गाडी वापरणाऱ्यानें म्हणूनच ‘एस.पी.’ किंवा त्याच्या पुढचा दर्जा पाहून घ्यावा, आणि खंडाळ्याचा घाट चढतांना वरच्या गिअरमध्यें इंजिनाला गुदमरूं न देतां वेळीं खालचा गिअर टाकावा.

औषध जास्त तितकें तेल चांगलें, हाहि भ्रमच. झीज थांबविणाऱ्या औषधांत जस्त व फॉस्फरस असतात. पण त्यांतला फॉस्फरस धुराबरोबर जाऊन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून नव्या दर्जाच्या पातळ वर्गांत फॉस्फरसचें प्रमाण शेंकडा ०.०८ च्या वर जाऊं देत नाहींत. भारतांत बी.एस.-६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आहेत. त्या गाड्यांत स्वतंत्र बाटलींतलें ‘झीजनाशक’ रसायन ओतणें म्हणजे पदरचे पैसे देऊन आजार विकत घेणें होय.

युरोपीय गाड्यांची रीति किंचित् निराळी आहे. तेथें कारखानदार स्वतःचे क्रमांक ठरवितात. उदाहरणार्थ, फोक्सवॅगनचे ५०२ ००, ५०४ ००, ५०८ ००. ह्यांत शेवटचें ‘०डब्ल्यू-२०’ वर्गाचें पातळ तेल त्याच्यासाठींच घडविलेल्या इंजिनांपुरतें आहे. ५०२ ०० मागणाऱ्या जुन्या इंजिनांत तें घालावयाचें नसतें. नवें तें जुन्याला चालतें, हा वरचा नियम येथें लागत नाहीं. डब्यावर तोच क्रमांक ‘मान्यताप्राप्त’ म्हणून छापलेला असला पाहिजे; ‘योग्य’ किंवा ‘समकक्ष’ ह्या शब्दांना तेवढी किंमत नाहीं. हमी चालू असतां चुकीचें तेल घातल्यास कंपनीला भरपाई नाकारण्यास आयतेंच निमित्त मिळतें.

खनिज तेल कीं सिंथेटिक, हा वाद आतां बहुतांशीं निकालांत निघाल्यासारखा आहे. ‘०डब्ल्यू’ आणि बहुतेक ‘५डब्ल्यू’ वर्ग सिंथेटिक घटकांवांचून साधतच नाहींत. घरांतल्या मोटारसायकलला मात्र उरलेलें मोटारीचें तेल घालूं नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो, आणि मोटारीच्या तेलांतील घर्षण घटविणाऱ्या द्रव्यांमुळें तो घसरूं लागतो.

तेल बदलावें केव्हां ? पुस्तिका किलोमीटर आणि महिने असे दोन आंकडे देते. त्यांतलें जें आधीं येईल तें धरावयाचें. गाडी फारशी चालली नाहीं म्हणून वर्षाचें तेल दोन वर्षें चालविणारे पुष्कळ आहेत, आणि नेमकें त्यांचेंच तेल अधिक बिघडतें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. बहुतेक धुराड्यांतून निघून जातें, पण थोडी वाफ आणि थोडें न जळलेलें पेट्रोल दट्ट्याच्या कड्यांमधून तेलांत उतरतें. तेल चांगलें तापलें, तर तीं उडून जातात. मुलाला दोन किलोमीटरांवरील शाळेंत सोडून परतणाऱ्या गाडीचें तेल तितकें तापतच नाहीं. अशा गाडीला आठवड्यांतून एकदां अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर न्यावें, आणि किलोमीटर भरले नाहींत तरी महिने मोजून तेल बदलावें. तेल काळें झालें म्हणून मात्र घाबरूं नये. मळ स्वतःत सामावून घेणें हें त्याचें कामच आहे.

दरम्यान महिन्यांतून एकदां डिपस्टिक काढून पाहावी. गाडी सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटें झालेलीं, आणि तेलाची रेघ दोन खुणांच्या मध्यें. खालच्या खुणेखालीं गेल्यास नेमकें तेल मिळेतों मिळेल तें चांगलें इंजिन तेल थोडें घालणें हें कोरड्या इंजिनापेक्षां पुष्कळ बरें. वरच्या खुणेच्या पलीकडे भरणेंहि वाईट, कारण क्रँकशाफ्ट त्यांत घुसळून फेंस करतो आणि फेंसावर कांहीं तरंगत नाहीं. वरचेवर तेल घालावें लागत असेल, तर गळती अथवा कड्यांची झीज तपासावी. जाड तेलानें दुखणें झांकतें, बरें होत नाहीं.

एवढी निवड करूनहि डब्यांत भलतेंच असेल, तर सर्व व्यर्थ. नांवाजलेल्या तेलांचे रिकामे डबे गोळा करून त्यांत गाळलेलें जुनें तेल भरण्याचा धंदा जुनाच आहे. तेल अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावें, झांकणाचें सील आणि बनावटीची तारीख पाहावी, आणि डबा आपल्या डोळ्यांदेखत उघडावयास लावावा. तेलाबरोबर फिल्टर आणि तेल सोडण्याच्या बोल्टचा वॉशरहि नवा घालावा. काढलेलें तेल गटारांत किंवा झाडांच्या मुळाशीं ओतूं नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें तें धोकादायक कचऱ्यांत मोडतें, आणि शुद्धीकरण करणाऱ्यांकडे तें पोंचविणाऱ्या गॅरेजाच्या स्वाधीन करणें हाच मार्ग आहे. रिकामा डबा तेथें तसाच सोडून न येतां त्याला खिळ्यानें दोन भोंकें पाडावींत, म्हणजे तो पुन्हां भरला जात नाहीं.